गीतकाराचं नाव कुठं गेलं? साहिरच्या एका श्रोत्याचं खुलं पत्र

प्रति,
गाणी ऐकवणाऱ्या सर्व मोबाईल ॲपचे, खासगी एफएम वाहिन्यांचे आणि जुन्या चित्रपटगीतांचे हक्क बाळगणाऱ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचे व्यवस्थापक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या ८ मार्चला एका खासगी एफएम वाहिनीवर सकाळपासून महिला दिनाची खास गाणी चालू होती. त्यात ‘साधना’ (१९५८) मधलं ‘औरत ने जनम दिया मर्दों को’ लागलं. निवेदिकेनं लताबाईंचं नाव घेतलं, वैजयंतीमालाचं घेतलं, बी. आर. चोप्रांचं घेतलं, आणि कार्यक्रमाच्या प्रायोजकाचं तर दोनदा घेतलं. पुरुषांनी बाईचा बाजार कसा मांडला, हे ज्यानं कुणाची भीडभाड न ठेवता लिहिलं, त्याचं नाव काही तिच्या तोंडी आलं नाही. गंमत म्हणजे त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. साहिर लुधियानवी, जन्म ८ मार्च १९२१. वाहिनीला ई-मेल पाठवला. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं यंत्रानं लिहिलेलं उत्तर आलं आणि विषय तिथंच संपला.

त्याच सुमारास मी वापरतो त्या ॲपची मांडणी बदलली. आता गाण्याखाली गायक दिसतो, संगीतकार दिसतो, काही गाण्यांना तर पडद्यावर नुसते ओठ हलवणाऱ्या नटनटीचं नावही दिसतं. गीतकार पाहायचा तर तीन टिंबं दाबायची, यादी खाली सरकवायची, आणि तिथं तो असलाच तर भेटायचा. पुष्कळदा नसतोच.

आधी माझा या प्रकरणाशी संबंध काय ते सांगतो. मी सांगलीचा, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. उर्दू लिपी मला वाचता येत नाही. आम्ही काही मित्र घरगुती बैठकीत जुनी गाणी ऐकतो आणि गाण्याची माहिती सांगण्याचं काम माझ्याकडे असतं. साहिर माझ्यापर्यंत कुठल्या मुशायऱ्यातून आला नाही, की अभ्यासक्रमातून आला नाही. तो आला विविध भारतीच्या निवेदनातून. गाणं लागण्याआधी चित्रपट, आवाज, गीतकार, संगीतकार अशी नावं यायची. शाळकरी वयात हळूहळू लक्षात आलं की जी गाणी ऐकताना आपण गृहपाठ थांबवतो, त्यातल्या बऱ्याच गाण्यांना हे एकच लांबलचक नाव असतं. मग वाचनालयात त्याचं पुस्तक मागितलं. देवनागरीत छापलेला, खाली कठीण शब्दांचे अर्थ दिलेला संग्रह मिळाला. माझ्यासारखे असे हजारो मराठी वाचक असतील, ज्यांना उर्दू कवितेपर्यंत कुठल्या विद्यापीठानं नेलं नाही, रेडिओवरच्या त्या एका ओळीच्या माहितीनं नेलं. ती ओळ तुम्ही काढून टाकली आहे.

ती ओळ रेडिओवर आपसूक आलेली नव्हती, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे मला माहीत नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी आकाशवाणीवर पुष्कळ केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सिनेमाच्या गाण्याचा त्यांना तिटकारा. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून फक्त गायकाचं नाव सांगायचं असा दंडक झाला. निर्माते चिडले, त्यांनी गाणी काढून घेतली आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली ती या धड्यानंतर. गायक आणि संगीतकारासोबत गीतकाराचंही नाव घेतलं जावं, यासाठी आकाशवाणीकडे ज्यानं आग्रह धरला तो साहिर. त्याच्या आग्रहामुळे ती पद्धत सुरू झाली आणि फायदा शकील, मजरूह, शैलेंद्र, हसरत, कैफी या सगळ्यांना झाला. मानधनावरून त्यानं कुणाकुणाशी कसा हट्ट धरला याच्या दंतकथा पुष्कळ आहेत, त्यांत मी शिरत नाही. नावाचा हट्ट मात्र सगळ्यांच्या कामी आला.

हा हट्ट नुसता अहंकाराचा होता असं कुणी म्हणेल. थोडा असेलही, कवीच तो! पण त्याचं आयुष्य पाहिलं तर आणखी काही दिसतं. जन्मनाव अब्दुल हई. लुधियानाच्या श्रीमंत जमीनदाराचा मुलगा. आई सरदार बेगमनं नवऱ्याचं घर सोडलं, मुलाच्या ताब्यासाठी कोर्टकचेरी झाली, मुलगा आईपाशी राहिला आणि हवेलीतला पोरगा तंगीत, बापाच्या धास्तीत वाढला. वडिलांकडून मिळू शकणारं सगळं त्यानं नाकारलं. ‘साहिर’ हे नाव स्वतः घेतलेलं आणि ‘लुधियानवी’ हे गावाचं. म्हणजे बापाच्या घराण्यातलं काहीच त्यात नाही. पंचविशीच्या आत लाहोरात त्याचा ‘तल्ख़ियाँ’ हा पहिला संग्रह आला आणि त्या एका पुस्तकानं तो उर्दूत गाजला. ‘अदब-ए-लतीफ़’, ‘सवेरा’ अशी मासिकं त्यानं संपादित केली. फाळणीनंतर तो लाहोरला होता. ‘सवेरा’तल्या लिखाणावरून पाकिस्तान सरकारनं त्याच्या अटकेचा हुकूम काढला आणि १९४९ साली तो दिल्लीमार्गे मुंबईला निघून आला. ज्या माणसानं स्वतःचं नाव स्वतः घडवलं आणि त्याच नावावर वॉरंट निघालेलं पाहिलं, त्याला त्या नावाची किंमत तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळत असणार.

१९५१ हे त्याचं सिनेमातलं पहिलं मोठं वर्ष. सचिनदेव बर्मन यांच्याबरोबर ‘नौजवान’मधलं ‘ठंडी हवाएँ’ आणि ‘बाज़ी’मधलं ‘तदबीर से बिगड़ी हुई’. नंतरची यादी तुमच्या सर्व्हरवर आहेच, ती इथं उतरवून कागद भरत नाही. पण १९५७ च्या ‘प्यासा’पाशी थांबावंच लागेल. वेश्यावस्तीतून गुरुदत्त चालतो ते गाणं मुळात ‘तल्ख़ियाँ’मधली नज़्म आहे. पुस्तकात तिची भाषा फारसीनं जड झालेली. सिनेमासाठी साहिरनं पालुपद बदललं, ‘जिन्हें नाज़ है हिंद पर वो कहाँ हैं’ केलं, आणि मुशायऱ्यातली कविता चार आण्याच्या तिकिटावर बसलेल्या माणसापर्यंत पोचली. राग तेवढाच राहिला, उलट धार वाढली. ‘कभी कभी’चंही तसंच. तीही आधी नज़्म होती, १९७६ च्या सिनेमासाठी पुन्हा लिहिली गेली. कवितेचं गाणं करताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे शिकायचं असेल तर ही दोन रूपं शेजारी ठेवून वाचावीत. पण त्यासाठी कवी कोण हे आधी कळायला हवं ना?

‘प्यासा’नंतर बर्मनदा आणि साहिर पुन्हा एकत्र आले नाहीत. गाण्याच्या यशात शब्दांचा वाटा किती, यावरूनच बिनसलं असं सांगतात. त्या भांडणात बर्मनदांची बाजू घेणारेही आहेत आणि चालीशिवाय शब्द इतके दूर गेले नसते हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. मीही बैठकीत यावरून बराच वाद ऐकला आहे. पण त्या वादाला निदान दोन बाजू होत्या. तुमच्या पडद्यावर एकच उरली आहे.

आता तक्रारी.

नाव नसल्यानं काय होतं ते पाहा. ‘हम दोनो’ (१९६१) मधलं ‘अल्ला तेरो नाम’ शाळाशाळांतून प्रार्थना म्हणून म्हटलं जातं. ‘काजल’ (१९६५) मधलं ‘तोरा मन दर्पन कहलाए’ देवळात, सत्संगात चालतं. ‘दिल ही तो है’ (१९६३) मधलं ‘लागा चुनरी में दाग’ कबीराचं आहे असं मला भल्या भल्या जाणकारांनी ठासून सांगितलं आहे. ‘चित्रलेखा’ (१९६४) मधलं ‘मन रे तू काहे न धीर धरे’ कुठल्या तरी संताचं असणार, हाही समज पक्का. ही सगळी एका माणसानं लिहिली आहेत, तो उर्दूचा कवी होता, मुसलमान घरात जन्मला होता आणि देवधर्म मानणारा नव्हता. एवढी माहिती गाण्याखाली दिसली असती, तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही हललं असतं. आजच्या हवेत तर ते हलायलाच हवं. मुलीच्या पाठवणीला मराठी लग्नातही बँडवाले ‘बाबुल की दुआएँ’ वाजवतात. ‘नील कमल’, १९६८, तेही त्याचंच. मंडपातल्या कुणाला हे माहीत असतं?

दुसरी तक्रार शोधण्याबद्दल. संगीतकाराच्या नावानं पान असतं, गायकाच्या नावानं तर असतंच असतं. ‘साहिर’ असं लिहून शोधलं की याच नावाचे आजकालचे गायक येतात, कुठल्या तरी सिनेमातलं पात्र येतं, आणि चुकून कुणा रसिकानं स्वतःच बनवलेली यादी आली तर आपलं नशीब. त्या यादीतही शैलेंद्रची दोन-चार गाणी घुसलेली असतात. रसिकाला मी दोष देत नाही, तो बिचारा तुमचंच काम फुकटात करतो आहे.

तिसरी, नव्यानं गायलेल्या गाण्यांबद्दल. ‘अभी ना जाओ छोड़ कर’ किती आवाजांत, किती गिटारींवर, पावसाच्या आवाजासह आणि त्याशिवाय उपलब्ध आहे, याची गणती मी सोडून दिली आहे. गायकाचं नाव ठळक, ज्यानं ठेका बदलला त्याचंही ठळक. जयदेव आणि साहिर दोघेही गायब. इथं संगीतकारांवरही तीच पाळी आली, म्हणून हे पत्र त्यांच्या चाहत्यांनीही वाचावं.

शब्द दाखवण्याची सोय काही ॲपनी केली, चांगलं केलं. पण ते शब्द तपासतं कोण? ऐकू आलं तसं यंत्रानं लिहिलेलं, उर्दू शब्दांची वाट लागलेली, कडव्यांची उलटापालट झालेली, आणि ते तसंच जगभर जाणार. उद्या तेच प्रमाण मानलं जाणार. साहिरची पुस्तकं देवनागरीत सहज मिळतात. ताडून पाहायला फार खर्च येत नाही.

आणि हे फक्त साहिरपुरतं नाही. मराठी गाण्यांच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी लाजिरवाणी आहे. सुरेश भटांची गझल गायिकेच्या खात्यावर, शांताबाईंचं गीत संगीतकाराच्या खात्यावर. ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं तेव्हापासून गदिमा आणि बाबूजी ही दोन नावं आपण एका श्वासात घेत आलो. ॲपवर गदिमांचं नाव दिसलं तर मी हल्ली चमकतो. साहिरच्या सर्वांत टोकदार गाण्यांपैकी काही ज्यांनी स्वरबद्ध केली, ते एन. दत्ता म्हणजे गोव्यात जन्मलेले दत्ता नाईक. ‘साधना’ त्यांचंच, ‘धूल का फूल’ त्यांचंच. त्यांचं नावही त्या ८ मार्चला कुणी घेतलं नाही, हे सांगायचं राहिलं होतं.

तुमची उत्तरं काय असतील याचा मला अंदाज आहे. एक म्हणजे, ‘कंपनीकडून माहितीच तशी येते’. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच हे पत्र ध्वनिमुद्रण कंपन्यांनाही लिहितो आहे. गाणं ॲपकडे जातं तेव्हा त्यासोबत माहितीचा तक्ता जातो आणि त्यात गीतकाराचा रकाना असतो. तो कंपनीनं रिकामा सोडायचा आणि ॲपनं रिकामाच घ्यायचा, असं हे चाललं आहे. जुन्या तबकड्यांवर, एल.पी.च्या वेष्टनांवर गीतकाराचं नाव छापलेलं असायचं. म्हणजे माहिती तुमच्याच कपाटात होती. रॉयल्टीच्या हिशेबासाठी गीतकार आणि संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तिच्याकडे गाण्यांच्या नोंदी असतात. पैशाच्या कागदावर जे नाव सापडतं ते पडद्यावर का सापडत नाही?

दुसरं उत्तर, ‘छोट्या पडद्यावर जागा नाही’. नटाच्या नावाला आहे.

तिसरं, ‘श्रोत्यांना त्यात रस नाही’. ज्याचं नाव कधी सांगितलंच नाही त्याच्यात रस कसा निर्माण होणार? केसकरांनाही वाटायचं की श्रोत्यांना काय हवं ते त्यांना जास्त कळतं.

कायद्याचंही थोडं सांगतो. मी वकील नाही, पण हे वाचायला वकील लागत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं ५७ वं कलम म्हणतं की हक्क विकले तरी ही कृती माझी आहे असं सांगण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल निर्मात्यांच्या बाजूनं लागला आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी बरीच वर्षं अडकली. २०१२ च्या दुरुस्तीनं ती पुन्हा त्यांच्या पदरात पडली, त्यामागे जावेद अख़्तर यांची राज्यसभेतली आणि बाहेरची खटपट होती. २०२० मध्ये आजच्या गीतकारांनी एकत्र येऊन ‘क्रेडिट दे दो यार’ असं गाणंच केलं. आपलं नाव छापा हे सांगण्यासाठीसुद्धा त्यांना फुकट गाणं लिहावं लागलं! हयात असलेल्यांची ही गत. साहिरनं लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. त्याच्या नावासाठी तुमच्या दारात येऊन बसणारं कोण आहे?

सरकारनंही काही फार घाई केली नाही. १९७१ ला पद्मश्री दिली, २०१३ ला टपाल तिकीट काढलं, ठीक. पण १९६९ पासून दिला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार पहिल्यांदा गीतकाराकडे गेला तो १९९३ चा, मजरूह सुलतानपुरींकडे. साहिरला जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. २५ ऑक्टोबर १९८० ला तो मुंबईत हृदयविकारानं गेला, साठीही गाठली नाही. जुहूच्या कब्रस्तानातली त्याची कबर नव्या दफनांना जागा हवी म्हणून २०१० मध्ये काढली गेली, रफ़ी आणि मधुबालाची काढली तशीच. त्याबद्दल मी भांडत नाही, मुंबईत जिवंतांना जागा नाही. २०१९ मध्ये त्याच्या डायऱ्या, पत्रं, हस्तलिखित कविता जुहूतल्या एका रद्दीच्या दुकानात निघाल्या. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्या तीन हजार रुपयांना विकत घेतल्या म्हणून वाचल्या. कबर गेली, कागद रद्दीपर्यंत पोचले होते. गाण्यापुढचं नाव ही एकच गोष्ट त्यानं स्वतः मागून घेतली होती, आणि ती राखायला ना जमीन लागते ना कपाट.

म्हणून मागण्या अशा:

गाणं वाजत असताना जो पडदा दिसतो त्यावर, गायक आणि संगीतकाराच्या ओळीतच, त्याच आकारात गीतकाराचं नाव असावं. आतल्या पानावर नको.

गीतकाराच्या नावानं शोध घेता यावा आणि प्रत्येक गीतकाराचं स्वतंत्र पान असावं. मराठी गीतकारांसह.

एफएम वाहिन्यांनी प्रत्येक गाण्याला शक्य नसेल तर निदान १९८० पूर्वीच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत गायक, गीतकार, संगीतकार ही तिन्ही नावं घ्यावीत. चार सेकंद लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

पुन्हा गायलेल्या किंवा ठेका बदललेल्या गाण्यावर मूळ गीतकार आणि मूळ संगीतकार आधी, नवे कलाकार नंतर.

ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आपल्या जुन्या गाण्यांचे रिकामे रकाने भरून सुधारित माहिती सर्व ॲपना पाठवावी आणि ते काम कधीपर्यंत पूर्ण करणार ती तारीख जाहीर करावी.

दाखवले जाणारे शब्द ती भाषा येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावेत. आणि चूक कळवणाऱ्या श्रोत्याला माणसानं उत्तर द्यावं.

यातल्या एकाही गोष्टीला नवीन तंत्र शोधावं लागत नाही. काम किचकट आहे हे मान्य, गाणी लाखांनी आहेत. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. गावोगावी आमच्यासारखे लोक आहेत ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या आहेत, गाण्यांच्या पुस्तिका आहेत, वर्षानुवर्षं लिहिलेल्या वह्या आहेत. साहिरच्या हिंदी चित्रपटगीतांची चित्रपट, वर्ष, संगीतकार, गायक अशी यादी आमच्या बैठकीतल्या मंडळींनी तबकड्यांवरून ताडून तयार ठेवली आहे. ती आम्ही विनामूल्य देऊ. कुणाकडे पाठवायची, त्या माणसाचं नाव तेवढं कळवा.

आपला,
एक श्रोता
सांगली